साखर पेठेतले दात

साखर पेठेत दातांचा दवाखाना,
हा विनोद आम्ही केलेला नाही.
पुढे डॉक्टर बसतात,
मागच्या खोलीत मी:
प्लास्टर, मेण, गुलाबी हिरड्या,
आणि फळीवर ओळीनं
कुणाकुणाचं हसू, अजून घरी न गेलेलं.

पौष लागला की माझी घाई.
गड्ड्याच्या आधी द्या, म्हणतात सगळे.
महिना संपता संपता तेच परत येतात गाल धरून,
चिक्कीत निघालेली चांदी रुमालात बांधून,
उसाच्या पेरात राहिलेला अर्धा दात दाखवत,
चिकटेल का हो?

राजव्वा मेरगू विडी घरकुलातून आली,
दोन रिक्षा बदलून.
हिरड्या मिश्रीनं काळ्या. वर एकही नाही, खाली तीन,
तेही भांडण झालेल्या बिऱ्हाडांसारखे लांब लांब.
मी रंगांची पट्टी पुढे केली.
पांढऱ्याशुभ्रावर तिनं बोटसुद्धा ठेवलं नाही.
"हे सिनेमातल्या बाईचे.
मला मालदांडीचा रंग दाखव,
जुन्या ज्वारीचा, पोत्यातल्या."
पट्टीवर त्या रंगाला नुसता आकडा आहे.
मी आकड्याखाली पेन्सिलीनं लिहिलं, ज्वारी.

भोगीच्या आदल्या दिवशी दात बसवले.
नेहमीचं सांगितलं:
कडक भाकरी दुधात मोडून घे,
चिक्की नको, ऊस तर नकोच,
रात्री काढून पाण्यात ठेवायचे.
"बरं," म्हणाली,
कारखान्यात विड्या मोजून देताना
मुकादमाचा आकडा ऐकून घ्यावा तशी.
मग आरशाकडे वळून, हळूच:
"तिळगूळ."
पुन्हा: "तिळगूळ घ्या."
त दातांवर टेकला आणि उभा राहिला.
सात वर्षं तिचा त नुसता वारा होता,
नातवंडं नक्कल करायची.

संक्रांतीच्या संध्याकाळी मी तिच्या गल्लीत गेलो,
राहिलेला हप्ता मागायला, खोटं कशाला बोलू.
ओट्यावर स्टीलचं ताट, ताटात तिळाच्या वड्या,
शेजारी काचेचा ग्लास,
ग्लासात पाणी, आणि पाण्यात
माझी आठ दिवसांची मेहनत,
हसत.

"पळ्ळु! पळ्ळु!" पोरं ओरडत होती.
कुणाचा हात दुसऱ्या वडीकडे गेला
की राजव्वा ग्लास सरकवायची.
बोळक्या तोंडानं म्हणायची,
"ह्यांच्या आधी माझे होते की बे, खरे.
तुझ्याएवढी होते तवा कोण बोललंच नाही मला.
एक खा. मग हौदावर जा,
खळखळून चूळ भर, ये, तोंड दाखव."
पोरं पळायची, आऽ करून परत यायची.
ती हनुवटी धरून बल्बाखाली बघायची,
विडीचं पान नीट भिजलंय का बघावं तशी.
एकाला परत पाठवलं.
दाढेत तीळ होता.

"आणि मिश्री?" मी विचारलं.
ती गप्प बसली जरा.
कनवटीची डबी चाचपली, काढली नाही.
"सकाळची सुटंना.
पोरांच्या समोर लावत नाही."

मग ग्लासात बोटं घातली,
दात झटकले, बसवले, पदर सारखा केला,
माझ्या हातावर वडी ठेवली
आणि लख्ख म्हणाली, "तिळगूळ घ्या."
गोड बोला राहिलंच.
त्याच्या जागी म्हणाली, "हप्त्याचं शनवारी बघू."

माझी डावी दाढ वर्षभर ठणकते आहे.
डॉक्टरांना बोललेलो नाही,
दवाखान्यात काम करून लाज वाटते.
वडी उजवीकडून खाल्ली,
आणि तिनं हनुवटी धरायच्या आत
पोरांच्या मागे
हौदाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.