पहिला आकडा

आमचा दरवाजा तीन पिढ्या लाल.
दर निवडणुकीआधी बाबा त्यावर हात मारायचे,
रंग उरलाच तर शिडीलाही.

गोझो बेटावरच्या या गावात
नाव आणि पक्ष एकाच बारशाला ठेवतात.
निळ्यांचा बँड वरच्या गल्लीतून, आमचा खालच्या;
पावसुद्धा वेगळ्या भट्टीतला.

कार्मनू झामित निळा. औषधाचं दुकान.
बाबांच्या शेवटच्या हिवाळ्यात
रात्री दोनला शटर उघडून,
ऑक्सिजनचा सिलेंडर खांद्यावर घेऊन
चौतीस पायऱ्या चढला. किती वेळा, मोजलं नाही.
एकदा उतरताना दाराला बोट लागलं.
"ओला आहे गं अजून, जूझा," म्हणाला,
आणि लाल बोट रुमालात गुंडाळून गेला.

आमचा उमेदवार कुणाचा तरी भाचा.
प्रचाराला आला, आईला साल्विना म्हणाला.

शनिवारी मतपत्रिका टेबलक्लॉथएवढी,
रंगारंगाने छापलेली, नावापुढे आकडे घालायचे.
आई पडद्याआड इतका वेळ
की अधिकारी दोनदा खाकरला.
"चष्मा विसरले," बाहेर येऊन म्हणाली.
चष्मा नाकावरच होता.
मी विचारलं नाही. आमच्यात विचारतही नाहीत;
उत्तर दारावरच असतं.

रविवारी कार्मनू सहा मतांनी आला.
क्लबात खुर्च्या आपटल्या:
खालच्या गल्लीतलंच कुणीतरी फुटलं!
आई केपर निवडत होती.
"शोधून काढा मेल्याला," म्हणाली,
आणि मला रंगाचा डबा आणायला पाठवलं.
लालच. लहान डबा.