एका अक्षराचं हाड

रेनान्ते, विचारलंस ते बरं केलंस.
पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच विचारायचं असतं,
विचारतात मात्र कॉफीच्या मशीनपाशी, एकमेकांना:
आपण आकडे भरणारी माणसं,
सॉफ्टवेअर शब्द ओळखतं, कोड सुचवतं,
मग दोनशे सहा हाडं कशाला घोकायची
इलोइलोत रात्रभर जागून,
पेशंट तिकडे ओहायोत असताना?

बस. एक चार्ट सांगते.
नाव झाकलेलं. पुरुष, वय एकाहत्तर.
डॉक्टर बोलले, यंत्राने उतरवून घेतलं:
इलियमचा शेवटचा हातभर भाग काढला.

इलियम दोन आहेत.
कानाला जुळे, कागदावर एका अक्षराचा फरक.
एक आतडं, लहान आतड्याचं शेवटचं गाव.
दुसरं हाड, कमरेचं, पसरट,
ज्याच्या टेकूवर बाई पोर कडेवर घेते.

यंत्राने हाडाचं अक्षर टाकलं होतं.
सॉफ्टवेअरने हाडाचा कोड दिला, हिरवी खूण केली.
हातभर हाड काढलं असतं
तर म्हातारा कशावर बसला असता?
हे सॉफ्टवेअरला पडत नाही.
त्याला कंबरच नाही.

मला पडलं,
कारण माझा बाप ला पाझच्या बाजारात डुकरं कापायचा.
पहाटे तीनला, बाचोयवाल्यांची गिऱ्हाइकी सुरू व्हायच्या आत:
काळीज, पाणथरी, गुर्दे, आतडी.
मी आठ वर्षांची, हातात बादली.
तो आतडं हातावरून सोडत जायचा, होडीचा दोर सोडावा तसं,
आणि एका जागी थांबायचा.
"जोवेलिन, बोट लाव. इथं बारीक संपतं."
मी बोट लावायची.
ऊब असायची अजून.
त्या जागेचं नाव पुस्तकात
फार वर्षांनी भेटलं.

डावं-उजवंही तिथलंच.
पाणथरी कुठल्या बाजूला? मी माझी उजवी दाखवायची.
"तुझी बाजू नको. त्याची सांग."

मी डॉक्टरांना विचारणा पाठवली.
उत्तर नाही.
मिस पाल्मारेस म्हणाल्या, तुझा रोजचा आकडा पडतोय, सोड तो चार्ट.
नाही सोडला.
नवव्या दिवशी एक शब्द आला: आतडं.
आभार वगैरे नाहीत. नसू देत.

हाड म्हणून गेला असता
तर विमावाले म्हणाले असते, पोटदुखीला कमरेचं ऑपरेशन?
आणि बिल म्हाताऱ्याच्या दारात.
तेही एकवेळ निस्तरता येतं.
पण उद्या तो थकेल, पायांना मुंग्या येतील,
कुणी नवा डॉक्टर जुने कागद चाळेल.
त्याला कळायला नको का
की एक जीवनसत्त्व याला आता बहुधा सुईनेच द्यावं लागणार,
ते उतरवून घेणारं गावच उठून गेलंय?

मी काही हाडाची कोडर नाही रे.
नर्स व्हायचं होतं, दुसऱ्या वर्षी फी संपली.
आता कुणाच्या अंगाला हात लावत नाही,
नाडी नाही, ताप नाही,
नुसती सात खणांची चौकट, एकेक खण भरत जाते.
पण प्रत्येक चार्ट उघडताना
ती बादली हातात येते, ओठांत पुटपुटते,
तुझी नको, त्याची.

सातला सुटलो की बाचोय खाऊ.
वाडग्यात काय काय आहे त्याची नावं सांगायची,
चुकलास तर पैसे तुझे.
आणि पहिला घास उतरला की
पोटावर हात ठेव, खाली, जिथं बारीक संपतं तिथं.
कुठली बाजू?
या वेळी तुझीच.