डिसमिस

उद्यमनगरात माझा लेथ आणि दस्तगीरभाई शिकलगारांचं गॅरेज,
मधे एकच पत्रा.
पत्र्यापलीकडून मी चाळीस वर्षं ऐकतोय
एक माणूस ऐकताना.

हत्याराला हात लावायच्या आधी
लांब डिसमिसचं टोक ते इंजिनावर टेकवतात,
मूठ कानाला, डोळे मिटलेले.
"दुसरा टॅपेट सैल हाय."
"चौथ्याची रिंग मेली."
एकदा एका जीपवाल्याला म्हणाले,
"हिला काय झालं न्हाई. मालकच जोरात वाजतोय."

कान चुकला तो एकदाच,
चाची सीपीआरला ॲडमिट होत्या तेव्हा.

परवा कॉलेजची पोरं आली, पुढं केतकी सरनोबत.
गाडी चालवत आणली त्यांनी,
तरी गल्लीतलं कुत्रंसुद्धा उठलं नाही.
पाठीवर काळ्यानिळ्या काचा, कासवासारखी बुटकी,
दोन चाकं पुढं, एक मागं, आत दोन माणसांपुरती जागा.

"काका, पंचेचाळीसच्या पुढं गेली की चार्ज जास्त खातेय.
कॉम्प्युटर म्हणतो सगळं बरोबर आहे."

दस्तगीरभाई तिच्याभोवती फिरले
चुकीच्या मांडवात शिरलेल्या पाहुण्यासारखे.
सायलेन्सर कुठाय ते बघितलं.
वाकून खाली बघितलं, फरशीवर थेंब नाही.
"हिला घाम येत न्हाई का गं?"
मग नेहमीसारखं म्हणाले, "चालू कर."
"चालूच आहे काका."

गल्ली हसली.
मला हसू आलं नाही.
त्या महिन्यात पत्र्यापलीकडं तीनच गाड्या आल्या होत्या.
माझ्याकडं बुशाची ऑर्डर, म्हणाल तर दोन डझन.
शिरोलीच्या फाउंड्रीत मेहुणा इंजिनच्या ब्लॉकचे साचे करायचा,
आता मोटारीची ॲल्युमिनियमची टोपणं करतो.
म्हणतो, दाजी, हातात धरलं तरी
काय धरल्यासारखं वाटत न्हाई.

जॅक लावला. चाक मोकळं फिरवलं.
दस्तगीरभाईंनी डिसमिस कानाला लावली,
आणि दुसरा हात वर केला, सगळ्यांना गप्प करत.
मी लेथ बंद केला.
समोरच्यानं ग्राइंडर बंद केला.
पलीकडच्या नळाची गळती ऐकू यायला लागली,
किती वर्षांची होती कोण जाणे.

"उजवं पुढलं. बेअरिंग.
एक गोळी खरवडतेय.
इंजिन असतं तर हिचं रडणं
कुणालाच कळलं नसतं."

उघडलं. गोळीवर राळ्याच्या दाण्याएवढा ओरखडा.
नव्या बेअरिंगची बैठक मी कातून दिली,
माप घ्यायला चष्मा दोनदा पुसला.

केतकीनं पैसे विचारले.
"पैसे राहू देत. पन्हाळ्याला फिरवून आण."

जागा दोघांचीच, म्हणून पुढचं मला ऐकीव.
वाघबीळच्या चढाला ढग आला,
गाडी बारशाला निघालेल्या म्हातारीसारखी चालली,
उसाचा ट्रॅक्टर पुढं गेला आणि वर हॉर्न देऊन गेला.
काटा घसरत घसरत तांबड्यात.
वर चहा, भजी, ऊन. तासभर गाडी पाठ शेकत बसली.
खरी गोष्ट परतीला. घाटात पोरीनं ब्रेकवर पाय ठेवला
आणि काटा चढायला लागला.

रात्री शटर ओढता ओढता मला विचारलं,
"उताराला पेट्रोल परत टाकीत जाताना
बघितलंस का कधी, सदबा?"
न्हाई म्हटलं.
"मी बी न्हाई," म्हणाले,
आणि कुलूप लावायचं विसरून गेले. मीच लावलं.

सकाळी दुधाचा एक जुना टेम्पो आला,
धूर सोडत, खडखडत, नेहमीचा.
ड्रायव्हर ओरडून सांगायला लागला काय वाजतंय ते.
दस्तगीरभाईंनी शर्टाला डिसमिस पुसली.
"आधी बंद कर.
बंद असताना काय म्हणतोय बघू."