साडेबारापर्यंत पुरेल असं

सातपूरच्या शाखेत पंखा एकच,
तोही माझ्या डोक्यावर नाही.
मी कोठावदे. शिक्का मारतो, दंड घेतो,
बालविभागाच्या कपाटाची किल्ली
शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतो,
जणू काय आत सोनंच आहे.

प्रचिती भदाणे, इयत्ता सहावी.
"काका, भीती वाटेल असं काही आहे का?"
मी दिली एक राजकन्या, एक राक्षस, वर एक बोलणारा पोपट.
दुसऱ्या दिवशी पुस्तक परत, आत वहीच्या पानाची चिठ्ठी:
'भीती दहापैकी दीड. तोही पोपटाला.'

झोंबलं मला. खोटं कशाला बोलू.

मग मी काढली ती विहीर, जिच्या पायऱ्या
उतरताना चाळीस भरतात
आणि चढताना एकेचाळीस.
'सात. पण शेवटी ते स्वप्न निघालं, म्हणून दोन वजा.'
मग तो दीपगृहाचा राखणदार,
जो ठणठणीत आहे, पण त्याची सावली खोकते.
'आठ. खोकला अजून ऐकू येतो. आभारी आहे.'
मग तीन पोरं, एक दोर, अमावास्येचा कडा.
'साहस नऊ, भीती चार.
पाच दिवस डोंगरात, आणि डबा कुणी भरून दिला
ते लिहिलंच नाही.'

कमिटीवरच्या बाई म्हणाल्या,
असलं वाचून मुलांची झोप उडते.
मी बरं म्हणालो
आणि रजिस्टरात विहिरीपुढे लिहिलं: भूगोल.

डिसेंबरात नासर्डीच्या कडेकडेनं
बिबट्या शिरला त्यांच्या कॉलनीत.
जाळ्या आल्या, वनखात्याची गाडी आली,
गच्च्यांवर नुसते मोबाईल.
"घाबरलीस?" मी विचारलं.
"एवढी माणसं बघून, काका, तोच घाबरला असेल."

"मग रोज रोज भूतं कशाला लागतात तुला?"

ती काउंटरच्या सनमायकाचा सुटलेला कोपरा
नखानं खालीवर करत राहिली.
"आईची दुसरी पाळी असते.
कंपनीची गाडी साडेबाराला वळते आमच्याकडे.
अकरापर्यंत शेजारचा टीव्ही असतो.
नंतर नळ वाजतो.
जिन्यात कुणीतरी थांबतं. किंवा नाही थांबत.
पुस्तकातलं भूत चांगलं दांडगं असलं ना,
की नळ नुसता नळ होतो."

एकतीस वर्षं मी पुस्तकं लावली
विषयवार, लेखकवार, आकड्यांप्रमाणे.
घड्याळाप्रमाणे कधी लावली नव्हती.
त्या रात्री घरी, नाशिकची थंडी, कानटोपी,
हातातलं घड्याळ काढून उशीवर ठेवलं
आणि पानं मोजत वाचत बसलो.
माझी दोन पानं म्हणजे तिची तीन, पोर जलद आहे.
भुताच्या पानाला थोडं जास्त धरायचं,
कारण मागं वळून बघण्यात वेळ जातो.

एकशे त्रेचाळीसाव्या पानावर, समासात,
पेन्सिलीनं एक रेघ मारली.
खाली बारीक अक्षरात:
'इथं पोचशील तेव्हा गाडी
त्र्यंबक रोड सोडून आत वळलेली असेल.'

पुस्तकात रेघा मारणाऱ्यास दंड रुपये पाच.
पाटी माझ्याच अक्षरात आहे.
भरले. पावती फाडली. सही केली दोन्हीकडे.

गुरुवारी पुस्तक परत आलं.
कव्हरला खोबरेल तेलाचा डाग,
आत चिठ्ठी, या वेळी दोन्ही बाजूंनी लिहिलेली:

'भीती साडेनऊ.
तुमची रेघ चुकली, काका. आई आधीच आली.
कडी वाजली तेव्हा मी एकशे एकेचाळीसवर होते.
मी आतून ओरडले, आई, दोन मिनिटं थांब,
तो आत्ता दार उघडतोय.'