नाव ठेवणे

हॅलिफॅक्सला, चढावरच्या घरांच्या रांगेत
एका बैठकीच्या खोलीत
पियानो रेडिएटरला पाठ लावून उभा होता.
चाळीस पौंडांना घेतलेला,
आणि दारापर्यंत आणायला नव्वद मोजलेले.
ओयेलारानबाईंनी दोन्ही आकडे सांगितले,
मग हात पुसत विचारलं, "कसा आहे?"
जिन्यात त्यांची टेमी बसली होती,
कान इकडे.

मी आत पाहिलं होतं.
फळी प्लायवूडची, खुंट्या ढिल्या,
मंद्रातल्या तारा गंजून बहिऱ्या,
एका हातोडीचा नमदा
उंदरानं घरट्याला नेलेला.
माझ्या जिभेवर एक शब्द तयार होता.

क्लिफर्ड सग्डन जमिनीवरून उठला,
आधी एक गुडघा, मग दुसरा.
"बाई, याला अजून खोलीची सवय व्हायचीय.
रेडिएटरपासून हातभर सरकवा.
मधली तीन सप्तकं आज जमवून देतो."
यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.
मी मोजत होते.

मिरजेत वडील पेट्या दुरुस्त करायचे.
शाळेतली, भजनी मंडळातली,
भाता फाटलेली पेटी आली
की म्हणायचे, हिला जरा खोकला झालाय.
गिऱ्हाईक गेल्यावरही तेच म्हणायचे,
एकटेच, कानशीने पत्ती घासताना.
मला तो भिडस्तपणा वाटायचा.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
पबच्या माडीवर आम्ही सुरवाले जमतो.
तिथं मी तो शब्द काढला. खोका.
दोघं हसले.
हिल्डा ब्रेथवेटनं विचारलं, कुठल्या कारखान्याचा?
मी सांगितलं.
"माझी आई तिथं नमदे चिकटवायची," ती म्हणाली,
"डोकं दुखायचं तिचं, सरसाच्या वासानं."
आणि वेफर्सची पिशवी
माझ्याकडे सरकवली.

पुढच्या वर्षी मी एकटी गेले.
पियानो हातभर पुढं आलेला,
मागच्या फटीत सायकल.
टेमी आता दोन्ही हातांनी वाजवते,
डावा जरा मागं राहतो.
अगदी डावीकडची पट्टी उपसली
तर तिच्या लाकडी कुशीवर पेन्सिलीनं:

आर. फेन, मार्च ७४. एकतिसावी खुंटी घसरते, हळू घ्या.
डी. मूर्टन, ८८. अजून घसरते. घरात गाणारं कुणीतरी आहे.
सी. सग्डन, गेला नोव्हेंबर. उंदीर. नमदा नवा बसवला.
सोबत नवी मुलगी. कान चांगला.

बाकी काही लिहिलेलं नव्हतं.

खिडकीशी नेऊन मी पुन्हा वाचलं,
मागची बाजूही पाहिली.
मग पेन्सिलीचं टोक जिभेला लावून
त्याच ओळीखाली
नाव ठेवलं,
महिना, साल,
आणि: एकतिसावी, अजूनही. हळू.