शक्यतो

बारा वर्षं, म्हणजे एक तप,
गुनवोर एकब्लूम हेलसिंकीत मागच्या बाकावर बसली.
मंत्री झाली नाही. समितीच्या फोटोत
उंच माणसांमागे तिचा एक कान दिसतो.

इतिवृत्तात तिचं नाव शोधलं तर एवढंच:
'बेटांवरची बोट शक्यतो वर्षभर चालेल',
यातला 'शक्यतो' गाळावा,
अशी दुरुस्ती.
चार मिनिटं बोलली. डिझेल, टपाल, शाळेची पोरं.
मार्चच्या ठिसूळ बर्फावरून
डॉक्टरकडे चालत निघालेल्या भावाविषयी
अवाक्षर नाही.
दोन मतांनी शब्द पडला.
पुढच्या निवडणुकीत तीही.

आता बटाटे लावते, मासे धुरावते,
गुरुवारी पलीकडे जाते गुडघा दाखवायला.
दोर सोडणारा पोरगा ओळखत नाही.
"आजी, पाय जपून," म्हणतो.

काल धक्क्यावर वारा असा की उभं राहवेना.
कुणाकडे तरी आलेली पाहुणी म्हणाली,
"आज काही येत नाही बोट."
गुनवोरनं हातमोजा काढून घड्याळ पाहिलं.
"येईल," म्हणाली, जरा रागानंच,
तिचीच कुणी खोडी काढल्यासारखी.

आली. सव्वीस मिनिटं उशिरा,
नाकाडावर बर्फाचे पापुद्रे घेऊन.
पाहुणी आधी चढली.
गुनवोर थोडी रेंगाळली,
बोटीनं फोडलेल्या काळ्या पाण्याकडे
बघत राहिली.
मग आत जाऊन बसली,
सवयीनं मागच्याच बाकावर.