अठरावी पायरी

ओळखपत्रावर छापलंय: विद्यार्थी, दूरस्थ.
वय एक्केचाळीस.
फोटोत माझे डोळे मिटलेत,
दिवसभर हजिऱ्याच्या गल्ल्या तुडवून
स्टुडिओत टेकले होते,
फ्लॅश उशिरा आला.

आत्येसासूबाईंनी विचारलं, विषय काय गं?
पुनर्वसन, म्हटलं.
त्या म्हणाल्या, अगं बाई, कुठलं धरण?
तिघऱ्याखाली पुन्हा कोण बुडालं?
मी हसले. प्रश्न मात्र ओट्यावर
धुतलेल्या पातेल्यासारखा पालथा पडून राहिला.

रविवारी तास.
रेंज गच्चीतच येते, टाकीच्या आडोशाला.
सर कुठल्याशा शहरातून बोलतात,
त्यांच्या मागे सतत झाडं हलत असतात.
‘समाज’ म्हणाले की चित्र गोठतं,
‘सहभाग’ म्हणाले की नुसता आवाज उरतो,
झाडंही थांबतात.

गृहपाठ दुसरा.
कार्यक्षेत्रातल्या एका व्यक्तीच्या
सहभागातले अडथळे लिहा. शब्द पाचशे.

मी गुड्डन कुशवाह लिहिली.
(नाव बदलून, तसा नियम आहे. तिला रेखा केलं,
तिला ते मुळीच आवडलं नाही.)
वय सोळा. बंद गिरणीची लाइन, दुसरा मजला.
पाय जन्मापासून काटकुळे,
खांदे मात्र पहिलवानाचे.
शिंप्याचा टेप घेऊन मी जिना मोजला:
पायऱ्या सतरा. उंची नऊ इंच, कुठे साडेनऊ.
कठडा एकाच बाजूला, तोही सैल.
आकृती काढली, बाण दाखवले,
चौकातून स्कॅन करून पाठवलं,
पानाला पाच रुपये.

तेरा दिवसांनी तपासून आलं.
दहापैकी आठ. समासात हिरव्या अक्षरांत:
मोजमाप नेमकं. छान.

दाखवायला गेले तिला. खरं सांगायचं तर मिरवायला.
तिच्या आईनं चहात आलं जास्तच ठेचलं.
मी इंग्रजीतून मनात मराठी, तोंडावर हिंदी,
अशी उलटापालट करत वाचत होते,
सत्रह सीढ़ियाँ, म्हटलं,
आणि मटार सोलता सोलता गुड्डन म्हणाली,
अठारह हैं, दीदी.

अगं, दोनदा मोजल्यात.

आपने खड़े होकर गिनी हैं.

ती पुढे झाली. बसूनच उतरते ती,
तळवे टेकत, एकेक,
सलवारीला मागून टायरच्या ट्यूबचा तुकडा शिवलेला.
मी मागोमाग, मोजत.
सतरा झाल्या. खाली नाली.
नालीवर अर्धी फरशी, तिरकी, शेवाळलेली,
जी मी तीन वर्षं
एका ढांगेत ओलांडत आले आहे
फाइल छातीशी धरून, साडी वर खोचून.
तिनं दोन्ही तळवे त्या काळ्या ओलीत ठेवले,
स्वतःला उचललं, पलीकडे टेकवलं.
अठारह.

मी रुमाल काढेपर्यंत तिनं हात भिंतीला पुसले होते.
तिथे तळव्यांचे ठसे आधीच होते,
जुने, नवे, लहानपणीचे बोटभर,
सगळे माझ्या गुडघ्याच्या उंचीवर.

गवंडी फरशीचे सहाशे मागतो.
नगरसेवकाचा माणूस म्हणतो, अर्ज द्या,
अर्जात पायऱ्यांसाठी रकाना नाही.

रात्री सरांना लिहायला बसले.
सर, मागच्या उत्तरात एक पायरी कमी पडली आहे.
पुढे सुचेना.
आठातले किती कापा म्हणू?
की विचारू, तुमच्या त्या झाडांखाली
नाली आहे का, आणि ती
तुम्ही कशी ओलांडता?

तेवढ्यात फोन किणकिणला. गुड्डनचा निरोप,
तिच्या भावानं टाइप केलेला, चुकांसकट:
दीदी, रेखा काट दो.
मेरा नाम लिखो. पता भी.
दूसरी मंज़िल,
और सीढ़ी सही गिनना.